बाबारावकाकांची नजर

बाबारावकाका जेवताना ताट खाली ठेवत नाहीत. डाव्या हातानं उचलून थेट नाकासमोर धरतात आणि उजव्या हातानं जेवतात. बोरी गावात एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी असं ताट धरलं, तेव्हा वाढप्याला वाटलं, पाव्हण्यांना आणखी भात हवाय. त्यानं तीनदा वाढला. काकांनी तीनदा खाल्ला.

"अन्नाकडं खाली बघायचं न्हाई, गुरुजी," ते मला म्हणाले. "बरोबरीनं बघायचं."

काका जिंतूरला माझे शेजारी. सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. चूक स्वतःची असू शकते, हे त्यांना मान्य नाही. घरच्या पायरीवरून दोनदा पडले, तर गवंड्याला बोलावून "पायरी खाली सरकलीय" म्हणून हुज्जत घातली.

तिसऱ्यांदा पडले, तेव्हा मी त्यांना परभणीला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथल्या मुलीनं त्यांच्या डोळ्यांवर खोक्यासारखं यंत्र पट्ट्यानं बांधलं. आतल्या अंधारात लाल ठिपका फिरतो. त्याच्यामागं डोळे कसे धावतात, ते बाहेरच्या पडद्यावर दिसतं.

"मान हलवू नका, काका. नुसत्या डोळ्यांनी बघा."

ठिपका उजवीकडं गेला, डावीकडं गेला. काका खुशीत. "लय घाई हाय याला. बसून घे की बाबा."

मग मुलगी म्हणाली, आता ठिपका दिसला की उलट बाजूला बघा. काका अडले. "समोर माणूस आलाय आन् आमी तोंड फिरवायचं? ही कुठली रीत?"

शेवटी ठिपका खाली गेला. काका म्हणाले, "उतरला वाटतं."

पडद्यावर मला ठिपका दिसत होता. तो खालीच थांबला होता. काकांचे डोळे मध्येच अडले होते.

"डोळे चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "खाली बघायचा मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मानही ताठरलीय, खाली वाकत नाही. का, ते आणखी तपासावं लागेल. कधीपासून होतंय हे?"

आता यंत्रावर खापर फुटणार, असं मला वाटलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"दिवाळीपासून. आमची मालकीण खाली बसून भाकरी थापती, मी समोर खुर्चीवर. गप्पा चालतात. पण तवापासून तिचं तोंड दिसंना. नुसता आवाज ऐकायलोय. तिला सांगितलं न्हाई."

तपासण्या अजून चालू आहेत. परवा त्यांच्याकडं गेलो, तर गॅस टेबलावर आणि काकू उंच स्टुलावर.

"बघा गुरुजी, काय मांडलंय यांनी," काकू म्हणाल्या. "पाय लोंबकळायलेत. भाकरी वाकडी व्हायली."

काका समोर बसले होते.

"होऊ दे," ते म्हणाले. "दिसायलीस."