ओहायोचं स्थळ

सोपानकाकांनी अमेरिकेतली एक अख्खी युनिव्हर्सिटी नापास केली, कारण फोटोतली तिची कमान त्यांना घमेंडी वाटली. "कमान एवढी उंच, तर मानपान किती मागतील?"

काका आमचे अंबडचे शेजारी. अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी त्यांनीच जुळवल्या. आता गुडघे धरलेत, म्हणून फिरणं बंद. जीभ मात्र शाबूत आहे. मला एमएसला जायचं होतं आणि आमचे पप्पा काकांना विचारल्याशिवाय म्हैससुद्धा घेत नाहीत. "सोपानराव हो म्हणले तर जा," पप्पा म्हणाले. झालं! इंजिनिअर झालेल्या पोरीचं नशीब टोपीवाल्याच्या हाती.

काकांच्या लेखी युनिव्हर्सिटी म्हणजे स्थळ आणि फी म्हणजे मानपान. रँकिंग दाखवलं तर म्हणायचे, "ते ठेव बाजूला. आधी गेलेल्या पोरी नीट नांदून राह्यल्या का, ते सांग." म्हणजे, नोकऱ्या लागल्या का? कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजची फी जरा कमी होती. मी हुरळले. काकांनी खोलीचं भाडं विचारलं आणि कपाळावर हात मारला. "पोरगी फुकट अन् मांडव लाखाचा! पुढचं दाखव."

मला राग यायचा, पण हिशेबात म्हातारा चुकत नव्हता.

शेवटी ओहायोतल्या एका छोट्या गावातून पत्र आलं. फी माफ, वर डिपार्टमेंटमध्येच काम. आम्हाला झेपेल असं ते एकच होतं. काका खूश झाले. "मुलगी अन् नारळ! असे पाहुणे मिळत न्हाईत." मी पेढे आणायला उठले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तिथं आपलं माणूस कोण हाय?"

"कोणी नाही, काका."

"मंग न्हाई. बिलकुल न्हाई."

"अहो, तिथं दवाखाना आहे, पोलिस आहेत!"

"पोलिसाला सांगती का, आईची आठवण यायली म्हणून?"

पप्पांनी पत्र घडी घालून ठेवून दिलं. होकार कळवायची मुदत संपत आली होती. मी रडले, जेवले नाही, काकांच्या अंगणातून जाणं सोडलं. काही फरक पडला नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी ओहायोत जिच्या घरात खोली घेणार होते, त्या घरमालकिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि काकांना समोर बसवलं. पांढऱ्या केसांची बाई, मांडीवर मांजर.

"काय नाव म्हणली बाईचं?"

"डोरथी."

"दुरपदी?"

"डोरथी, काका."

"तेच म्हणलो. दुरपदी."

बाईनं हात हलवला. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "इचार तिला, पोरीला ताप आला तर दार उघडशील का?"

मी विचारलं. ती म्हणाली, दार कशाला, ती स्वयंपाकघरातच असते. पोरीनं नुसती हाक मारावी.

मी ते मराठीत सांगितलं. काका पप्पांकडे वळले. "फोडा सुपारी."

मी हसत हसत आईला सांगायला गेले. बाईचं नाव दुरपदी झालं, म्हणून मला अमेरिका मिळाली! आई हसली नाही.

"दुरपदी काकांची थोरली बहीण. लांब दिल्ती. त्या गावात आपलं कोणीच नव्हतं. तापानं गेली, अन् काकांना कळलं ते सगळं झाल्यावर. अजून दर भाऊबीजेला खण आणतेत, अन् दारावर आलेल्या कोणत्या बी बाईला देऊन टाकतेत."

माझं हसू तिथंच विरलं.

निघताना काका एक हिरवा खण घेऊन आले. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तुला न्हाई. तिला. म्हणावं, अंबडला भाऊ हाय तुझा."

त्या भाऊबीजेला ओहायोत सकाळ होती आणि अंबडला दिवेलागण. डोरथीनं खण खांद्यावर घेतला होता, थोडा उलटा. मी शिकवल्याप्रमाणे ती ताटात मेणबत्ती घेऊन फोन ओवाळायला लागली. तिकडे काका नवी टोपी घालून पाटावर बसले होते. ज्योत पडद्याच्या फार जवळ आली, तसे ते मागे सरकले आणि ओरडले, "हळू गं दुरपदे, भाजशील!"

मग टोपी सारखी करून त्यांनी मान पुढे केली आणि डोळे मिटले.