नळीतून निरोप

यंत्राच्या कोपऱ्यात, बटणाच्या जरा वर, चार बारीक रेघा होत्या. पहिली सगळ्यांत ठेंगणी, शेवटची सगळ्यांत उंच. तांदळाच्या दाण्याएवढी ती खूण दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसती. जगदीशरावांच्या आली.

"रेंज!" ते म्हणाले. "ललिता, याला रेंज आहे!"

"असू दे. तुम्ही आधी नाक घाला त्यात."

पण जगदीशरावांना फसवणं इतकं सोपं नव्हतं. त्यांची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. लाइनवर तिसरा माणूस आला की नुसत्या श्वासावरून त्यांना कळायचं. कधीकधी तो तिसरा माणूस ते स्वतःच असायचे, पण तो कामाचा भाग! "मला कुणी चोरून ऐकलंय, असं आजवर झालेलं नाही," असं ते चिंचपोकळीच्या आपल्या चाळीत छाती काढून सांगत.

झोपेत मात्र त्यांचा स्वतःचाच श्वास मध्येच थांबायचा. घोरणं अचानक बंद पडायचं, ललिताबाई दचकून उठून बसायच्या, आणि मग ढकलून सुरू केलेल्या टेम्पोसारखं ते धडधडत पुन्हा चालू व्हायचं. परळच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, "रोज हे मशीन लावून झोपायचं. ते नाकातून हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवतं. सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटेल. दुपारी टीव्ही बघतानाही थोडा वेळ मास्क घाला, म्हणजे सवय होईल."

यंत्र मुलाने मागवलं. सम्यक कल्याणच्या पुढे राहायचा. बसवून द्यायला कंपनीचा डेन्झिल आला. गोड पोरगा.

"रिपोर्ट आपोआप जातो अंकल. डॉक्टरांना, आणि तुमच्या मुलाच्या मोबाईलवर पण."

"काय काय जातं?"

"सगळं जातं अंकल! तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका."

त्या क्षणापासून जगदीशरावांनी टेन्शन घेतलं.

कारण त्या खोलीतली एक गोष्ट बाहेर जायला नको होती. सम्यकने नवा फ्लॅट घेतला होता. आईबाबांसाठी त्यात वेगळी खोली होती, आणि दसऱ्यापर्यंत त्यांनी चाळ सोडून तिकडे यावं असा त्याचा आग्रह होता. जगदीशराव "बघू" म्हणत होते. गेलं वर्षभर त्या एका शब्दावर ते तग धरून होते. खरं म्हणजे त्यांना जायचंच नव्हतं. तळमजल्यावर विहाराची अभ्यासिका होती आणि तिची चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. ज्या पोरांना घरी कोपर टेकायला जागा नव्हती, ती पहाटे त्यांची वाट बघत पायरीवर बसलेली असत.

ललिताबाईंनाही जायचं नव्हतं. "मग सांगा ना त्याला!" त्या म्हणायच्या.

"त्याला वाईट वाटेल गं."

"मी नाही सांगणार. बाकी काय हवं ते सांगेन, पण हे तुमच्या तोंडून जाऊ दे."

मास्क लावल्या लावल्या पहिल्याच रात्री यावरून त्यांची जुंपली. जगदीशरावांनी मास्क काढून वाद घातला. सकाळी फोन वाजला.

"बाबा, रात्री मध्येच मास्क काढून बसला होतात ना? काय खलबतं चालली होती?" सम्यक हसत होता.

जगदीशरावांच्या हातातला पाव चहात पडला.

त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. यंत्राजवळ बसून खणखणीत आवाजात ते म्हणाले, "माझा डावा गुडघा फार दुखतो!" गुडघा ठणठणीत होता. ललिताबाई पलीकडे कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा कोथिंबीर निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेकडून, प्रितीकडून पार्सल आलं. गुडघ्याचं तेल आणि गुडघ्याचा पट्टा!

"हा घे पुरावा!" जगदीशराव कुजबुजले.

"प्रिती गुणाचीच आहे," ललिताबाई म्हणाल्या आणि घाईघाईने मोरीत गेल्या.

मग घरात बोलणंच बंद झालं. जगदीशराव खुणा करून मीठ मागायचे, ललिताबाई साखर द्यायच्या. यंत्रावर टॉवेल घातला तर ते तापून कण्हायला लागलं. "बघ, ऐकू येईना म्हणून चिडलंय!"

आणि एका दुपारी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाइन जर तिकडे जातेच आहे, तर निरोपही जाईल की! समोर पोराचं तोंड नाही, डोळ्यांतलं पाणी नाही. नुसती लाइन! अशा लाइनवर तर ते आयुष्यभर बोलले होते.

त्यांनी मास्क घातला, यंत्र चालू केलं आणि तोंड उघडलं. पण नाकातून आत शिरलेली हवा तोंडातून बाहेर धावली आणि शब्दांना जागाच उरली नाही. "सम्यक, आम्ही" एवढं म्हणेपर्यंत समोरचं कॅलेंडर फडफडलं! शेवटी त्यांनी मास्कमधून नळीच उपसली, रिसीव्हरसारखी तोंडाशी धरली, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि एक्स्चेंजच्या आवाजात ओरडले, "हॅलो! सम्यक! निरोप घे! आम्ही फ्लॅटवर राहायला येणार नाही! पुन्हा सांगतो..."

दारात शेजारच्या कमलाबाई विरजण मागायला रिकामी वाटी घेऊन उभ्या होत्या.

"सम्यक आलाय?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"लाइनवर आहे!"

कमलाबाई विरजण न घेताच परत गेल्या. असं चाळीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गॅलरीभर झालं की यंत्रातली हवा जगदीशरावांच्या डोक्यात शिरली. विहाराचा सेक्रेटरी बुद्धभूषण आला.

"जय भीम, काका. काही नाही... थोडे दिवस आराम करा. चावी मी सांभाळतो."

"तुला कुणी काय सांगितलं?"

"छे! कुणीच नाही!"

चावी गेली. जगदीशराव रिकामा खिसा चाचपत बसले. "याच्याही मोबाईलवर रिपोर्ट जातोय," ते ललिताबाईंना म्हणाले. ज्या चावीसाठी इथे राहायचं, तीच गेली!

त्यात सम्यकचा फोन. "बाबा, तुमच्या खोलीला पडदे निळे घेऊ की पिवळे?"

जगदीशराव थक्क झाले. गुडघा पोचला आणि नकार पोचला नाही? अशी गिऱ्हाइकं त्यांना चांगली ठाऊक होती. मनासारखं बोलणं चालू असलं की लाइन स्वच्छ, आणि थकलेल्या बिलाचा विषय काढला की "हॅलो, आवाज येत नाही!" पोटचा पोरगाही तसाच निघाला! ते रोज दुपारी नळीतून निरोप देऊ लागले. रोज जरा वरच्या पट्टीत.

रविवारी सम्यक आणि प्रिती धावत आले. सोबत डेन्झिल. मागून, सहज म्हणून, कमलाबाई आणि बुद्धभूषण.

"अंकल, रात्रीचा रिपोर्ट मस्त आहे," डेन्झिल म्हणाला. "पण दुपारी मशीन वादळात सापडल्यासारखं दिसतंय! सगळी हवा बाहेर. नळी सुटते का?"

"सुटत नाही. मी बोलतो."

"कोणाशी?"

"त्याला विचार!" जगदीशरावांनी सम्यककडे बोट केलं. "सगळं ऐकतो आणि पडद्यांचे रंग विचारतो!"

"मी? मी काय ऐकलं?"

डेन्झिलने हळूच नळी बाजूला ठेवली. "अंकल, याला माइक नाही. श्वास किती वेळा थांबला, हवा किती गळली, किती तास लावलं, एवढंच जातं."

"तूच म्हणालास ना, सगळं जातं!"

"म्हणजे... हेच सगळं."

"मग माझा गुडघा कसा गेला?"

प्रितीने सासूकडे पाहिलं.

"चहा कोण कोण घेणार?" ललिताबाई उठल्या.

"बस खाली!" जगदीशराव म्हणाले. एक्स्चेंजमधली अख्खी हयात त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. खबऱ्या शेजारच्या उशीवर झोपत होता, आणि ते नळीवर पाळत ठेवून होते!

"पण बाबा," सम्यक त्यांच्या समोर येऊन बसला, "तुम्ही मला काय सांगत होतात?"

कमलाबाईंनी तोंड उघडलं, ललिताबाईंनी डोळे वटारले, तोंड मिटलं. जगदीशरावांचा हात आपोआप नळीकडे गेला.

ललिताबाईंनी पिन उपटली. चारी रेघा विझल्या.

"घ्या. लाइन बंद झाली. आता तोंडाने बोला."

जगदीशरावांचा श्वास थांबला. भर दिवसा, टक्क जागेपणी. मग धडधडत पुन्हा सुरू झाला.

"सम्यक," ते म्हणाले, "खोली छान आहे, आम्ही सणावाराला येऊ. पण राहायला येणार नाही. आम्ही इथंच राहणार." आणि मग दाराकडे वळून, "बुद्धभूषण, चावी आण इकडे!"