नावावरची पट्टी

निकम मास्तर वारले त्या दिवशी आमच्या त्रैमासिकाचा अंक सांगलीत मशीनवर होता. तार आली तेव्हा मी छापखान्यात होतो. मशीन थांबवायला सांगितलं आणि साताऱ्याची एसटी धरली.

मास्तरांना न ओळखणाऱ्यांना आधी त्यांच्या पट्टीची गोष्ट सांगायला हवी. साताऱ्याच्या एका हायस्कुलात ते इतिहास शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवू लागलो, तेव्हापासून ते मला ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या भागाच्या इतिहासावरचं संशोधन छापणारं एक त्रैमासिक काढलं. वर्गणीदार थोडे, लेखक त्याहून थोडे, रुसलेले लेखक मात्र भरपूर. कारण मास्तर आलेला लेख तसाच छापत नसत. लेखकाच्या नावावर गव्हाच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवत आणि लेख दोन जाणत्या परीक्षकांकडे पाठवत. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये.

पण आमच्याकडे लिहिणारी माणसं अशी किती? अक्षरावरूनच माणूस ओळखू येई. त्यावर मास्तरांचा उपाय साधा होता. प्रत्येक लेख ते स्वतःच्या हाताने उतरवून काढत आणि ती प्रत पाठवत.

व्हायचं तेच झालं. कऱ्हाडचे एक निवृत्त मामलेदार आमचे परीक्षक होते. त्यांच्याकडून प्रत्येक लेख ‘उत्कृष्ट’ असा शेरा घेऊन येई. वर्षाअखेरीस ते साताऱ्यात भेटले आणि म्हणाले, “मास्तर, तुमच्या व्यासंगाची कमाल आहे. नाणी काय, तळी काय, लोणंदचा बाजार काय. पण दर खेपेला नाव झाकायचा हा संकोच कशाला?”

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. वर्षभरात छापून झालेले सगळे लेख त्यांनी पुन्हा दुसऱ्या परीक्षकांकडे पाठवले, आणि त्यातले दोन नापास झाल्याचं पुढच्या अंकात जाहीर केलं. रुसलेल्या लेखकांत दोघांची भर पडली.

तेव्हापासून लेख उतरवायचं काम लक्ष्मीकाकूंकडे आलं. काकू मास्तरांच्या पत्नी. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्याही हाती लेख पट्टी लावूनच पडे. पहिल्याच दिवशी त्यांनी कागद नाकाजवळ नेला.

“ह्यो लोणंदच्या पाटलांचा.”

“तुला कसं कळलं?”

“तंबाखूचा वास येतोय.”

“वास घ्यायचा न्हाई. नुसतं उतरवायचं.”

“आवं, मग नाकाला लावा की पट्टी.”

दुसऱ्या दिवसापासून आलेले लेख अंगणातल्या दोरीवर, काकूंच्या लुगड्यांशेजारी, वास जाईपर्यंत वाळत पडू लागले.

स्वतः मास्तरांनी आपल्या त्रैमासिकात एक ओळ छापली नाही. कोणी आग्रह केला की म्हणत, “वाढप्यानं पंगतीत बसायचं नसतं.” गावच्या जेवणावळीत लहानपणापासून पानं वाढत आलेला माणूस. हा नियम त्यांना वेगळा शिकावा लागला नव्हता.

एकदा एका साखर कारखान्याच्या चेअरमनांच्या पुतण्याचा लेख आला. एका किल्ल्यावरचा. वाचताना मास्तर थबकले, कारण तो आमच्याच जुन्या अंकातून उचललेला होता. त्या अंकात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या चुकीने किल्ल्याचा दरवाजा दक्षिणेऐवजी उत्तरेला गेला होता. पुतण्यानेही तो उत्तरेलाच ठेवला होता. लेख परत गेला, तशी चेअरमनांची जीप दारात आली.

“मास्तर, पोरगं शिकतंय. छापून टाका की. मागल्या पानावर आमची जाहिरात हायच दर अंकाला.”

“ती हाय. तिच्यावर तुमचंच नाव हाय, म्हणून मला काय वाटत न्हाई.”

“चार ओळी इकडच्या तिकडं झाल्या असतील.”

“चार न्हवं, सगळ्याच. आमचा दरवाजा चुकला तर यानंबी चुकलेलाच घेतला. पोराला म्हणावं, चूक तरी सोताची कर.”

जाहिरात गेली. पुढचा अंक कोऱ्या मलपृष्ठाचा निघाला. ते पान सगळ्यात स्वच्छ छापलंय, असं मास्तर म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी इस्लामपूरच्या टपालातून एक लेख आला. अक्षर शाळकरी, नावावर आधीच पट्टी. नदीकाठच्या एका गावातल्या शिळांवर तो होता. आम्ही पुस्तकी माणसं त्या सगळ्यांना सरसकट सतीशिळा म्हणत आलो. पण गावातल्या बायका हळदीकुंकू वाहताना एकेकीला नावाने हाक मारतात, आणि त्यातली एक बाळंतपणात गेलेली, एक पाणी आणताना डोहात बुडालेली, असं त्यात लिहिलं होतं. कोणत्या घरात काय सांगतात तेही होतं. मी त्या दिवशी मास्तरांकडेच होतो. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

“प्रोफेसर, असला लेख कैक वर्सांत न्हाई आला. ह्यो माणूस बांधाबांधानं हिंडलेला हाय.”

काकू आत भाकऱ्या थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

दोन्ही परीक्षकांनी लेख पसंत केला. मग मास्तरांनी माझ्यासमोरच पाण्याचं बोट लावून पट्टी सोडवली. खाली नाव होतं, लक्ष्मी निकम. गाव काकूंचं माहेर होतं. अक्षर इस्लामपूरच्या भाचीचं.

“आगं, हे तुजं?”

“व्हय.”

“सांगायचं न्हाईस?”

“नाव झाकायचं असतंय न्हवं?”

मास्तरांनी ओली पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “संपादकाच्या घरचा लेख छापता येत न्हाई, लक्ष्मी.”

“ठावं हाय. उद्या कोणता उतरवायचा, तो द्या.”

मी भांडलो. दोघांनी पसंत केलाय, आणखी काय हवं? मास्तर म्हणाले, “वाढप्यानं तूप घरच्याच पानात वतलं, असं म्हणतील. आन् खरंच म्हणतील.”

लेख कपाटात गेला. पुढच्या अंकांत मास्तर एकाही लेखकाशी भांडले नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती. एक दिवस त्यांनी संपादकपद सोडलं आणि माझं नाव सुचवलं. चेअरमनांनी दाब आणला, असं सारा सातारा बोलू लागला. निर्भीड संपादक म्हणून मास्तरांचा सत्कार झाला. त्यांनी नारळ घेतला, शाल घेतली, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

संपादक म्हणून माझ्याकडे आलेला पहिला लेख मास्तरांच्या अक्षरात होता. नावावर पट्टी. पहिल्याच ओळीत नदीकाठच्या त्या शिळा होत्या; ती वाचली आणि मी साताऱ्याला गेलो.

“मास्तर, हे तुमचं अक्षर आहे. मामलेदार डोळे मिटून पसंत करतील.”

“मग तुज्या अक्षरात उतरव. परीक्षक नवं शोध. नापास झाला तर झाला.”

“यासाठी सोडलंत?”

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “लगीन झाल्यापास्नं ती वाढतीच हाय, प्रोफेसर. वाढायचं ओगराळं आता तुज्या हातात दिलंय. तिला एकदा पंगतीत बसू दे.” मग नेहमीच्या आवाजात, “आन् वशिला चालायचा न्हाई.”

मी लेख उतरवला. नवे परीक्षक पुण्याचे आणि कोल्हापूरचे. मध्यंतरी मास्तरांची कार्डं येत. प्रकृती बरी आहे, पाऊस बेताचा आहे, आणि शेवटी, कुणाचा एखादा लेख तपासून आला का, अशी मोघम चौकशी. लेख पसंत झाला. पुण्याच्या परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी एक काकूंनी मानली, एक मानली नाही. त्या लेखाच्या पानांचा फॉर्म मशीनवर चढला होता, तेव्हा तार आली.

मास्तरांचे दिवस झाल्यावर मी अंक घेऊन गेलो. काकूंनी पदराला हात पुसले, नाव पाहिलं आणि लेख शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला. डोहात बुडालेल्या बाईचं नाव एके ठिकाणी चुकलं होतं.

“पुढच्या अंकात दुरुस्ती देतो, काकू.”

“दे,” त्या म्हणाल्या. “चूक आपली सोताची हाय.”

आता त्रैमासिक मी काढतो. आलेले लेख पट्टी लावून साताऱ्याला पाठवतो. काकू ते दोरीवर वाळत घालतात आणि मग उतरवून देतात.