केकतवाडीची वीज सुतकात बसली

धोंडिराम वायरमन वारला आणि केकतवाडीची वीज सुतकात बसली. गावाला ते रास्तच वाटले. ज्याने जन्मभर खांबावर चढून तिची विचारपूस केली, त्याच्यासाठी तिने एवढे तरी करायलाच हवे होते. गिरणी बंद पडली, तालमीच्या भोंग्यावरचे गाणे अर्ध्यावर तुटले, पण कुणी कुरकुरले नाही. घोर वेगळाच होता. तेराव्यापर्यंत नवा वायरमन उभा राहिला नाही, तर आपण कायमची माहेरी, कोयनेला जाऊ, असे विजेने सरपंचांना कळवले होते.

धोंडिरामच्या मागे त्याचा धाकटा भाऊ पिराजी होता. आठवीतून शाळा सोडून पळालेला, राजस्थानात पलटणीत वीजकाम शिकलेला, हवालदार होऊन नुकताच पेन्शनीत आलेला. माती देऊन तो तसाच जिल्ह्याच्या परवाना कचेरीत गेला. परवाना त्याच्याकडे होता, पण राजस्थानचा.

कचेरीतल्या म्हेत्रे साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "खरा आहे. पण इथली वीज तुम्हाला ओळखत नाही."

"सख्ख्या भावाच्या हातची वीज हाय ती, साहेब!"

"नात्यावर परवाना देता येत नाही, हवालदार. तिकडच्या विजेने समक्ष येऊन साक्ष द्यावी लागेल."

पिराजी आधीच तापट. खुर्ची लोटून उठला तो थेट स्टेशनवर.

तेराव्याच्या सकाळी तो परत आला, तेव्हा त्याच्या टॉर्चमध्ये राजस्थानची वीज होती. प्रवासाने दमली होती, पण खूश होती. कृष्णेच्या पुलावर ती एवढी लखलखली की डब्यातले लोक दचकले. "एवढं पाणी मोकळंच सोडता?" असे तिने तीनतीनदा विचारले.

धोंडिरामच्या दारातल्या खांबाखाली सुनावणी बसली. म्हेत्रे साहेबांना पाट दिला. राजस्थानच्या विजेने साक्ष दिली, "माणूस भडक आहे. पण वाळूच्या वादळात तार तुटली तेव्हा सगळे तंबूत शिरले, हा माझ्यापाशी थांबला."

"साक्ष मान्य," साहेब म्हणाले. "आता इथल्या विजेची संमती."

पिराजी खांबासमोर ताठ उभा राहिला आणि कवायतीच्या आवाजात ओरडला, "हाजिर हो!"

दारावरचा दिवा हलला नाही.

"सावधान!"

दिवा रागाने किंचित लाल झाला आणि विझला.

"भावजी, पलटणीतली न्हाई ती," वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या. "हुकूम कुठला ऐकतीया!"

"मग काय करू? दादानं मला कधी शिकवलंच न्हाई!" पिराजीने खांबाला लाथ घातली. लागले त्यालाच. पाय धरून तो खांबाच्या बुडाशी बसला आणि तेरा दिवस अडवून धरलेले रडू एकदम बाहेर आले. "दादा गेला गं," तो खांबाला म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मला घास उतरंना झालाय. तू तरी जेवलीस का?"

दिवा एकदा लुकलुकला. म्हणजे नाही.

वहिनींनी तेराव्याच्या गोडाचे ताट आणून दोघांच्या मध्ये ठेवले. सुतक फिटायचे तर कुणीतरी पहिला घास घ्यायला हवा होता.

"आधी तू," पिराजी म्हणाला.

दिवा दोनदा लुकलुकला. म्हणजे आधी तुम्ही.

"अगं, थोरली तू हायस. दादासंगं तूच जास्त राहिलीस."

दिवा ढिम्म. शेवटी टॉर्चमधली पाहुणी वैतागली. "इथं माणसं रोज अशीच जेवतात का?"

रडता रडता पिराजीला हसू फुटले आणि त्याच हसऱ्या तोंडात वहिनींनी बुंदीचा लाडू कोंबला. तो गिळला गेला मात्र, अख्ख्या गावात झक्क उजेड पडला. गिरणी गरगरली. तालमीच्या भोंग्यावर ते तुटलेले गाणे तुटले होते तिथूनच पुढे सुरू झाले आणि पहिलवान भर दुपारी नाचू लागले. म्हेत्रे साहेबांनी शिक्का मारला आणि दुसरा लाडू मागितला.

राजस्थानची वीज पुढे आठवडाभर राहिली. नदीवरच्या पंपाच्या मोटारीत बसून दिवसभर पाणी बघायची. ती निघाली त्या सकाळी पिराजी खांबावर होता. "जेवून जा गं," तो वरूनच ओरडला.

ती जेवली. मग गावच्या विजेने तिची ओटी भरली.