कौसाआक्काची कंडी

कौसाआक्का सकाळी तोंड धुवायच्या आधी एक कंडी पिकवायची. कंडी म्हणजे बिनबुडाची बातमी. त्या दुष्काळात धरण आटलं, तेव्हा आमच्या दूध सोसायटीनं पाली गावाजवळ गुरांची छावणी उघडली होती, आणि आम्ही जनावरांपाशीच ताडपत्रीखाली राहत होतो. माझे बैल आणि आक्काची भाकड गाय एकाच दावणीला. त्यामुळं ताजा माल आधी माझ्याच पदरात पडायचा.

"चेअरमनच्या म्हशीला तिळं झालं," ती शेण भरता भरता म्हणायची. दुपारपर्यंत टोकाच्या दावणीतली माणसंसुद्धा म्हैस बघायला निघायची. म्हैस व्यालेलीच नसायची.

एकदा मी चिडले. "आक्का, किती चुगल्या करशील?"

तिला लई राग आला. "चुगली न्हाई, माय. चुगली एकाच्या कानात सांगत्यात, दुसऱ्याचं घर मोडाया. कंडी चारचौघांत सोडायची. माणसं हसत्यात, दिस जातो. उन्हात बसून दुसरं काय करणार हायत?"

मी कपाळावर हात मारून शेणाची पाटी उचलली.

मग छावणीत खरोखरची चुगली शिरली. आमच्या दावणीतल्या रेखाची सोयरीक जमली होती. टँकरवाला तिच्या हंड्यात जरा जास्त पाणी सोडतो, असं कुणीतरी कुणाच्या कानात सांगितलं. तिचा बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून तो बिचारा सोडत होता. पण नवऱ्या मुलाचा चुलता पलीकडच्याच दावणीत. त्यानं सोयरीक मोडायची भाषा सुरू केली. रेखाच्या आईनं अन्न सोडलं. पोरगी तर ताडपत्रीबाहेर यायचीच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी पेंड घ्यायला सगळी छावणी जमली होती. आक्का मधोमध उभी राहून म्हणाली, "पोरीला कशापायी बोल लावता? टँकरवाला पानी माझ्यासाठी सोडतो. ती निस्ता माझा निरोप नेती."

पन्नाशीची विधवा, पुढचे दात पडलेले. माणसं हसून हसून लोळली. चुलताही हसला, आणि हसल्यावर त्याला भांडता येईना. टँकरवाला मान खाली घालून पाईप गुंडाळत राहिला. तो नाही म्हणाला नाही. सोयरीक टिकली.

आक्काचं मात्र काही टिकलं नाही. तिचा मुलगा गावाकडून भाकरी घेऊन यायचा, तो यायचा थांबला. बाया तिच्याजवळ बसेनात. रेखाची हळद छावणीतच लागली, तर आक्काला बोलावणंसुद्धा नाही. "असल्या बाईला कुठं बोलवता?" रेखाची आई माझ्याच तोंडावर म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर आक्कानं माझा हात दाबला.

"गप ऱ्हा. अक्षता पडूस्तोवर गप ऱ्हा."

पलीकडं हलगी वाजत होती. मी हळदीला गेलेच नाही, तिच्यापाशीच बसून राहिले. टँकरवाला आमच्या टाकीपाशी पाणी सोडत होता. त्यानं एकदा आमच्याकडं बघितलं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आक्का, त्यात थोडं तरी खरं होतं का गं?"

ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"खरं असतं तर कंडी केली असती का, माय? कुणाला कळू दिलं नसतं. जपलं असतं."