आधी बफिंग, मग डोळा

माणसाचं घराणं त्याच्या गाडीच्या बॉनेटमध्ये दिसतं, आणि बॉनेटमध्ये काहीच दिसत नसेल तर त्या घराण्यात काही राम नाही. हे तत्त्व आमच्या दादानं वेळीच ओळखलं, म्हणून आमची थोडीफार अब्रू शिल्लक आहे.

झालं असं. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. गाडीच्या दाराचं हँडल दिसेना, म्हणून त्यांनी ते हातातल्या किल्लीसकट चाचपलं आणि दारावर हा एवढा ओरखडा उमटला. पुढे डोळ्याचं ऑपरेशन आणि गाडीचं बफिंग नेमकं एकाच मंगळवारी आलं. दादा भावनेच्या आहारी गेला नाही. त्यानं आकडे मांडले: घरात माणसं पाच, बिघाड एकात, म्हणजे वीस टक्के. गाडी एकच, बिघाड तिच्यातच, म्हणजे शंभर टक्के. शिवाय डॉक्टर दुसरी तारीख देतात, बफिंगवाला देत नाही. ऑपरेशन पुढे ढकललं.

बफिंगचं शास्त्र थोर आहे. त्यात ओरखडा भरत नाहीत. आजूबाजूचा धडधाकट थर घासून ओरखड्याच्या पातळीला आणतात. (आमच्या ऑफिसात बढत्या याच पद्धतीनं होतात.)

गाडी अशी चमकली की दादा तिच्यात बघून भांग पाडू लागला. नवी तारीख आली तेव्हा मात्र पेच पडला. डोळा नीट होईपर्यंत बाबांना गाडीजवळ येऊ द्यायचं नाही, आणि गाडीत बसल्याशिवाय डोळा नीट व्हायचा नाही. मी टॅक्सी सुचवली. दादा म्हणाला, दारात अशी गाडी असताना बापाला टॅक्सीनं धाडलं तर लोक तोंडात शेण घालतील. वहिनीचं मत विचारात घेतलं नाही, कारण ते बरोबर होतं. तारीख पुन्हा पुढे गेली.

शेवटी बाबाच जिना चाचपत खाली आले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"एवढं काय झालं होतं रे? मला दाखव तरी एकदा."

दादा खूश. "हे बघा, इथून इथपर्यंत," म्हणत त्यानं बोटानं रेघ ओढून दाखवली. बोटात अंगठी होती. मला त्याचा कान उपटावासा वाटला. तो मात्र बफिंगवाल्याला फोन लावत होता.

ही हकिकत मी आजवर अकरा जणांना सांगितली. अकराही जणांनी विचारलं, नवा ओरखडा केवढा? तुमच्याही ओठांवर तेच असेल, म्हणून सांगून टाकतो: साडेपाच इंच. बाबांचा डोळा डावा की उजवा, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.