काडीचोर नाना

बोरस्ते नाना कुणाच्या घरी गेले की आधी कुंड्यांकडे बघतात, मग माणसांकडे. आणि निघताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून हमखास एखादी फांदी डोकावत असते. यजमानांच्याच कुंडीतली. लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, तेराव्याचं जेवण असो, नाना रिकाम्या हातानं परतत नाहीत. एका खिशात छोटी कात्री, दुसऱ्यात ओला रुमाल आणि चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्यासारखा भाव.

"मागून घ्या ना नाना, कोण नाही म्हणणारे?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"मागितलेलं झाड लागत नाय, वहिनी. चोरलेलंच लागतं."

गंमत म्हणजे या माणसाची सगळी नोकरी कालव्यावर पाणीचोर पकडण्यात गेली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि इंदिरानगरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. एकटेच. आल्या आठवड्यातच माझा मनीप्लांट निम्मा झाला.

मी नोकरी करणारी बाई. सकाळी डबे, संध्याकाळी भाजी, मध्ये ऑफिस. बाल्कनीतल्या चार कुंड्या हौसेपेक्षा आळसानं राहिल्यात, टाकून द्यायला कोण नेणार म्हणून. पण नानांना हे पटत नाही. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावं तर समोर नाना.

"तुळशीला पाणी घातलं?"

"घातलं."

"का घातलं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? तोवर ते आत शिरलेले असतात. कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसतात आणि ते मातीचं बोट माझ्या नाकासमोर धरतात. "ओली हाय. ओल्यात पाणी घालायचं म्हंजे जेवलेल्याला परत पानावर बसवायचं. मुळं सडतात, वहिनी. आधी बोट, मग तांब्या."

एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. चहाचा चोथा धुऊन टाका, नाहीतर साखरेला मुंग्या येतात. एवढ्याशा रोपाला एवढी मोठी कुंडी कशाला? तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा. मावा पडलाय, लिंबोळीच्या तेलात साबणाचे दोन थेंब घालून फवारा, पण ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं भाजतील. मी सगळं करते. वाद घालण्यापेक्षा कुंडीत बोट घालणं सोपं पडतं. आणि झाडं खरंच तरारलीत, हे कबूल करायचासुद्धा मला आता कंटाळा येतो.

त्याहून वाईट म्हणजे नानांनी मला चोरीत भागीदार करून घेतलंय. "बाईमाणूस बरोबर असलं की संशय येत नाय," हा त्यांचा अनुभव. मी घरमालकाला बोलण्यात गुंतवायचं, तेवढ्यात नाना डोळ्याच्या खाली तिरका काप घेऊन मोकळे. डोळा म्हणजे फांदीवर पान फुटतं तो सांधा, हेही मला त्यांनीच शिकवलं. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मालकांच्या कुत्र्याची जात, वय, खाणंपिणं सगळं माझं विचारून झालं तरी नाना जास्वंदीपाशीच. शेवटी मी कुत्र्याच्या आईवडिलांची चौकशी केली.

श्रावणातल्या एका रविवारी नाना दारात आले. "वहिनी, मखमलाबादला जायचंय."

तो रविवार मी झोपेसाठी राखून ठेवला होता. "आज नको हो नाना. अंगात त्राण नाही."

त्यांनी वाद घातला नाही. "दसऱ्यानंतर घर पाडणार हायेत," म्हणाले. मी चपला घातल्या.

द्वारकेच्या चौकात स्कूटर गर्दीत अडकली तेव्हा त्यांनी पुढे बघतच सांगितलं. घर त्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं. अंगणात आईनं लावलेलं कागदी लिंबू. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघं भांडले आणि ती गेल्यापासून बोलणं बंद. आता घर बिल्डरला दिलंय. एवढं जुनं झाड उपटून कुठे नेणार? ते घराबरोबरच जाणार.

"गेल्या साली दोनदा कुंपणावरून काड्या आणल्या. दोन्ही वाळल्या. आता ही शेवटची खेप. आईच्या हातचं दुसरं काय राह्यलंय?"

"मग सरळ मागा ना अण्णांना."

या वेळी त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. "तोंड कुठंय मागायला," म्हणाले.

नाना कुंपणाशी थांबले. मी बेल वाजवली. दार उघडलं आणि मी चपापले. नानाच, फक्त केस जास्त पांढरे. सुचेल ते विचारलं, "भाड्यानं खोली मिळेल का?"

"बाई, हे घर पडणार हाय. तुम्हाला कुठं राहायला देऊ?" अण्णा म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून फाटकाकडे एकदा बघितलं. "आल्याच हायेत तर चहा घ्या."

त्यांनी मला बसवलं आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून बसले. खिडकीतून मला लिंबाचा शेंडा हलताना दिसत होता. मी पावसापाण्याचं बोलत राहिले.

"गेल्या साली कुणीतरी कुंपणावरून काड्या नेल्या," अण्णा मध्येच म्हणाले. "काडीनं लिंबू लागतं का कधी? सगळी नोकरी कालव्यावर गेली, झाडातलं काय कळणार!"

मी कप खाली ठेवला. मी घाईनं उठायला लागले.

"बसा. चहा सावकाश घ्या. त्याला घाई झाली की हात कापून घेतो. लहानपणापासून."

"बोलावू का त्यांना आत?"

अण्णांनी मान हलवली. "नको. आधी नेऊ द्या सुखानं." चहा मी इतका सावकाश कधी प्यायले नाही.

बाहेर आले तर नाना स्कूटरपाशी उभे. त्यांच्या हातात काडी नव्हती, गुटी होती. जिवंत फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक आवळून बांधायचं, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फुटतात. ती गुटी. प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं स्पष्ट दिसत होती.

"कुंपणाच्या बाहेर आलेल्या फांदीवर होती," नाना म्हणाले. "माझा हात पोचंल तिथंच. मुळं फुटायला दीड-दोन महिने लागतात, वहिनी. म्हंजे पाऊस लागला तेव्हाच बांधली असणार त्यानं." मग त्यांनी विचारलं, "त्याला कळलं का, मी आलोय ते?"

"कळलं."

त्यांनी गुटीवरच्या सुतळीची गाठ चाचपून बघितली. मग म्हणाले, "तुम्हाला गाडी येते ना? तुम्हीच घ्या. माझे हात मोकळे नायत."

गाडी मी चालवली. मागे नाना दोन्ही हातांत गुटी धरून रडत होते. मी एकेक खड्डा चुकवत राहिले.